सायबीनचा पंख

२६ ऑगस्ट २०२४, सोमवार

सायबीन आज वेळेवर घरी आली नाही. रोज ऊन कललं की ती बोडीच्या पाण्यातून निघते, पाळेचा बांध उतरते आणि मान ताठ ठेवून एकटीच अंगणात येते. त्या चालीवरूनच बाबांनी तिला हे नाव दिलं. "आमच्या घरी दोन सायबिनी," ते लोकांना सांगतात, "एक कालेजात शिकली, एक पाण्यात."

शोधायला गेले तेव्हा ती पाळेखालच्या बेशरमच्या झुडपात दडून बसली होती. डावा पंख जमिनीला टेकलेला, पिसांवर रक्त. उचलली तर ओरडली नाही, फक्त चोच उघडी ठेवून श्वास घेत राहिली. ओढणीत गुंडाळून घरी आणली. मागच्या वर्षी हॉस्टेल सोडून आले त्याच महिन्यात मी कोंबडीखाली बदकाचं अंडं ठेवलं होतं. एकच उबलं, ते हिचं.

बाबा बोडीवरून आले ते चप्पल न काढता दारातच उभे राहिले. "जित्ती हाय ना?" त्यांनी विचारलं. मी अजून काही सांगितलंही नव्हतं. आईने वाटेत गाठून सांगितलं असेल.

कॉलेजच्या शिबिरात आम्हाला शिकवलं होतं, दैनंदिनी खरी लिहा, आणि उद्या अनोळखी माणसानं वाचली तरी कळेल अशी लिहा. म्हणून लिहिते. बोरटोला हे आमचं गाव. एक मोठा तलाव आणि त्याच्या पोटाशी एक लहान तळं, म्हणजे बोडी. आमची मच्छीमार संस्था पावसाळ्यात बोडीत मत्स्यजिरं सोडते. जिरं म्हणजे जिऱ्याएवढी माशांची पिल्लं. ती बोटाएवढी, म्हणजे बोटुकली, झाली की मोठ्या तलावात जातात, आणि त्यांच्यावर चौतीस घरांचं वर्ष निघतं. बोडीचे राखणदार माझे बाबा, इस्तारी. संस्थेची सचिव मी, मे महिन्यापासून. घरातली पहिली पदवीधर, आणि संस्थेच्या इतिहासातली पहिली बाई.

२७ ऑगस्ट

टोपलीत सायबीनला घेऊन तालुक्याला, चामोर्शीला गेले. कंडक्टर म्हणाला, "हिचं हाफ लागंन." सगळी बस हसली. मला हसू आलं नाही.

जनावरांचे डॉक्टर भले निघाले. हाड मोडलंय, पण कातडीबाहेर आलेलं नाही म्हणाले. पंख मिटवून अंगाशी पट्टीने बांधला. तीन आठवडे पाण्यात सोडायचं नाही. मग चिमट्याने जखमेतून एक तुकडा काढून माझ्या तळहातावर ठेवला. मातीचा, विटेसारखा कडक, बाहेरून काळा, आत लाल. मातीत धानाचा कोंडा दिसत होता. "गुलेलीची गोळी," ते म्हणाले. "तुमच्याकडे अजून चालते वाटतं."

चालत नाही. जूनच्या सभेत मीच ठराव क्रमांक चार लिहिला आणि मंजूर करून घेतला. उन्हाळ्यात कपडे धुणाऱ्या एका बाईच्या कपाळावर गोळी लागली होती, भुवईला चार टाके. शिवाय तलावावर पक्षी येतात, त्यांचं कोण आहे? ठराव असा: तलाव व बोडीच्या परिसरात जो कोणी गुलेल वापरेल त्याचं जाळं एक हंगाम बंद. जाळं बंद ही आमच्या लोकांची जुनी शिक्षा आहे. त्या माणसाचं जाळं संस्थेच्या खोलीत खुंटीला टांगतात आणि कोणी त्याला आपल्या डोंग्यात, म्हणजे होडीत, घेत नाही. ठरावाला अनुमोदन बाबांनी दिलं होतं. मी शिकवलेली सही त्यांनी पहिल्यांदा तिथे केली. त्याआधी अंगठा होता.

तुकडा काडेपेटीत ठेवला आहे. पुरावा आहे.

२९ ऑगस्ट

तीन घरी विचारलं. तिघांनी सांगितलं की सोमवारी सांजेला नथ्थूकाका गुलेल घेऊन पाळेवर होते. सांगताना मात्र एकानेही माझ्या तोंडाकडे पाहिलं नाही. साक्ष द्यायला लोक किती घाबरतात.

नथ्थूकाका बाबांचे जोडीदार. बावीस वर्षं एका डोंग्यात. काका बांबूने डोंगा ढकलतात, बाबा जाळं फेकतात. ठरावाला एकट्या काकांनी विरोध केला होता. तरी मी थेट गेले. कोणाच्या पाठीमागे बोलणं मला जमत नाही. ते दारात जाळं सांधत बसले होते.

"काय वो सचिवबाई, बदकाचं पोस्टमार्टम झालं म्हणते?"

"काका, सोमवारी तुमी पाळेवर गुलेल घेऊन होते?"

"होतो ना. मोठ्या तलावावर. पानकावळे उडवून राह्यलो होतो."

"नियम हाय, काका."

"तुले मालूम, मले मालूम. पानकावळ्याले कोन सांगंन? तू इंग्रजीत सांगून पाह्य." मग जाळं खाली ठेवून म्हणाले, "तुह्या बापाले विचारलं काय?"

"बाबा तर बोडीवरच होते. त्याइले काई दिसलं नाई."

काका थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिले. "नाई दिसलं म्हणते? बरं." आणि पुन्हा सुई चालवायला लागले.

गुन्हेगार माणूस असाच विषय दुसऱ्यावर नेतो.

सायबीनसाठी ठेवलेला कोंडा पुन्हा संपला. आठवड्यापूर्वीच डबा भरला होता. उंदरांचं काही करायला पाहिजे.

१ सप्टेंबर

तक्रार लिहिली. एक पान. काडेपेटी सुतळीने त्याला बांधली. बाबांना वाचून दाखवली. ते चुलीजवळ बसले होते, राख उकरत.

"राहू दे," ते म्हणाले.

"काऊन?"

"बदक हाय ते, दामिनी. मानूस नाई मेला."

"आज बदक, उद्या मानूस. आन् नियम मोडनारा आपला हाय म्हणून सोडाचं असंन तं नियम कायले केला?"

आई मधेच म्हणाली, "पोट्टीले शिकवलं कोन? तुमीच ना? आता आयका." बाबा उठून बाहेर गेले. आई भांड्यांवर इतका जोर का काढत होती कळलं नाही.

बाबांचं मन मऊ आहे, हे मला या दिवसांत कळलं. रोज सकाळी बोडीच्या काठावरून गोगलगाई वेचून आणतात आणि पळसाच्या पानावर सायबीनपुढे ठेवतात. हात लावत नाहीत. त्यांचा खोकला ऐकला तरी ती भिंतीला चिकटते, पान सरकवून ते निघून गेले की मगच खाते. तिला सगळ्याच माणसांची भीती बसली आहे. माझी नाही, आईची नाही.

८ सप्टेंबर, रविवार

आज सभा झाली. सव्वीस हजर. अध्यक्ष वामनराव. तक्रार मीच वाचली. आवाज थरथरला नाही.

वामनराव म्हणाले, "बोल गा नथ्थू."

"गुलेल होती माह्या हातात," काका म्हणाले. "खोटं नाई सांगत. मोठ्या तलावावर चार गिट्ट्या मारल्या. बोडीकडं गेलोच नाई."

"गिट्टी?" मी काडेपेटी उघडली. "जखमेतून तर माती निघाली."

"तेच तं म्हणतो, बाई. मी सडकेवरची गिट्टी मारतो. माती मळा, कोंडा टाका, गोळ्या वळा, चुलीत भाजा. एवढा उद्योग कोन करंन? मी आळशी मानूस."

कोणीतरी हसलं, आणि लगेच थांबलं. खोलीत सगळे बाबांकडे बघत होते. साहजिक आहे, बदक आमच्या घरचं. बाबा पायाच्या अंगठ्याने जमिनीवर रेघ ओढत होते. नथ्थूकाकाही त्यांच्याकडेच बघत होते. बराच वेळ. जणू त्यांनी मित्रासाठी दोन शब्द बोलावेत अशी अपेक्षा होती.

मी म्हणाले, गोळी कशाची हा मुद्दा नाही, गुलेल वापरल्याचं काकांनी कबूल केलं आहे. ठरावात तेवढंच लिहिलं आहे. वामनरावांनी हात वर करायला सांगितलं. हात वर झाले. बाबांचा सगळ्यांत शेवटी. बावीस वर्षांच्या जोडीदाराविरुद्ध हात वर करणं सोपं नसतं. मला त्यांचा अभिमान वाटला.

जाळं काकांनी स्वतःच आणून टांगलं. मग बाबांना म्हणाले, "इस्तारी, खुंटी ढिल्ली हाय. ठोक." बाबांनी दगड घेऊन खुंटी ठोकली.

९ सप्टेंबर

माझा पहिला ठराव अमलात आला. काल लिहिताना हे लिहायचं राहिलं. आनंद व्हायला हवा होता तेवढा झाला नाही. बाबा जेवले नाहीत. पोट बिघडलं म्हणाले.

१७ सप्टेंबर

पट्टी सोडली. हाड जुळलं, पण पंख पूर्ण मिटत नाही. टोक खाली लोंबतं. चालताना ती आता डावीकडे झुकते. डॉक्टरांनी फोनवर सांगितलं, एवढं राहणार. पोहू शकेल.

पाण्यात सोडली. आधी एका जागी गोल फिरत राहिली, मग हळूहळू सरळ गेली. बोडीच्या मधोमध बांबूवर बाबांचा राखणीचा मांडव आहे, त्याच्याकडे मात्र ती जात नाही. पूर्वी दिवसभर त्याच्याच सावलीत असायची.

३ ऑक्टोबर

हातपंपावर इंदुकाकी भेटल्या, नथ्थूकाकांच्या घरच्या. मी त्यांची घागर उचलून द्यायला पुढे झाले. म्हणाल्या, "राहू दे. तुह्या हाताले शाई लागते."

मी सांगायचा प्रयत्न केला की हे व्यक्तीविरुद्ध नाही, तत्त्वासाठी आहे. काकी म्हणाल्या, "तत्त्व खाते काय तुमचं बदक? खात असंन तं आमच्या घरचं बी घेऊन जाय." घागर स्वतःच डोक्यावर घेऊन गेल्या.

रागात माणूस बोलतो. लिहून ठेवते, पण मनात ठेवणार नाही.

(रात्री झोपताना आठवत राहिलं.)

१५ ऑक्टोबर

नथ्थूकाकांच्या अंगणात त्यांचा लहान डोंगा पालथा घातलाय, त्यावर वाळत घातलेली धानाची गोणपाटं. दसऱ्यापासून ते दुसऱ्यांच्या शेतावर लवकर येणारं हलकं धान कापायला जातात. ज्या माणसाला पाण्याचा रंग बघून मासा कळतो तो विळा घेऊन वाकलेला बघवत नाही. पण नियम सगळ्यांना सारखा.

बाबांना वामनरावांनी दुसरा जोडीदार सुचवला. बाबा नाही म्हणाले. एकटेच डोंगा ढकलतात, मग बांबू ठेवून जाळं फेकतात. तोवर डोंगा भलतीकडे फिरतो. आज अर्धी टोपलीही भरली नाही.

४ नोव्हेंबर, सोमवार

आज जे दिसलं ते जसं आहे तसं लिहिते.

दिवाळीनंतर उशिराच्या, भारी धानाला शेवटचं पाणी लागतं, म्हणून बोडीची मोरी उघडतात. पाणी अर्ध्यावर येतं. मग जाळं ओढून अर्धी बोटुकली मोठ्या तलावात नेतात, उरलेली पाळेजवळच्या खोलगट भागात वाढू देतात. सकाळी सगळी संस्था काठावर होती. बायका घागरी घेऊन रांगेत. पहिलंच जाळं वर आलं आणि लोक खुश झाले. इतकी बोटुकली कोणाच्या आठवणीत नव्हती. वामनराव म्हणाले, "पाहा, गुलेलीशिवाय राखली इस्तारीनं. दामिनी, हे पुस्तकात लिव. सत्कार करू."

मी घागर घेऊन चिखलात उतरले. पायाखाली काहीतरी टोचलं. गोटा समजून काढला. गोळी होती. काळी, बोराएवढी. बोटांनी पुसली तर मातीत कोंडा. एक पाऊल पुढे टाकलं, दुसरी. मग मान वर करून पाहिलं. पाणी उतरल्यामुळे उघड्या पडलेल्या गाळावर गोळ्याच गोळ्या होत्या. शेकडो. मांडवाजवळ एकही नाही, थोड्या अंतरावर विरळ, आणि मग मांडवाभोवती दाट गोल, जिथवर माणसाने मारलेली गोळी जाते तिथवर. भाजलेली माती पाण्यात विरघळत नाही.

माझ्या पुढच्या आणि मागच्या बायका त्याच गोळ्यांवर पाय देऊन चालत होत्या. कोणी खाली बघितलं नाही. तेव्हा मला कळलं की नवीन काही दिसलं ते फक्त मला.

बाबा जाळ्याच्या दुसऱ्या टोकाला होते. त्यांनी माझी मूठ पाहिली.

कोंडा उंदीर खात नव्हते.

५ नोव्हेंबर

काल बोलू शकले नाही. आज मांडवावर गेले. बाबांनी काही न विचारता छपराच्या तणसात हात घालून गुलेल काढली. सायकलच्या ट्यूबचं रबर, बाभळीचा दांडा घासून गुळगुळीत झालेला. बाजूला बिस्किटाच्या डब्यात गोळ्या.

"सई करून आले तुमी. अनुमोदन देलं."

"तू माह्याकडं पाहून राह्यली होती," ते म्हणाले. "सगळ्याइसमोर. मले वाटलं, चाललं तं चाललं. मंग इथी आलो तं पन्नास पानकावळे बसून. टाळ्या वाजवल्या. डबे वाजवले. मान वळवून पाह्यतात आन् पुन्हा बुडी मारतात. आठ दिवसात बोडी रिकामी केली असती. मंग तुमीच म्हणले असते, इस्तारी झोपला."

"मले सांगाचं होतं."

"काय सांगू? तुहा कागद चुकला म्हणून?"

सायबीनचं विचारलं. त्यांनी पाण्याकडे पाहिलं. "सांज झालती. काळं दिसलं, बुडी मारून राह्यलं होतं. मारली. मंग तिचा आवाज आला."

"आन् सभेत? नथ्थूकाका तुमच्याकडं पाह्यत होते."

"पाह्यत होता."

"मंग काऊन नाई बोलले?"

त्यांनी गोळ्यांच्या डब्याचं झाकण लावलं. मग म्हणाले, "तू लिवून राह्यली होती. सव्वीस मानसं गप्प आन् माही पोरगी लिवते. माह्या घरात कोनी लिवलं नाई, दामिनी. तुह्या हातचं मले खोडवलं नाई."

मला वाटलं होतं मी चिडेन. मी रडले, आणि ते माझ्यासाठी की त्यांच्यासाठी की नुसतं लाजेने, हे आता लिहितानाही सांगता येत नाही.

७ नोव्हेंबर

नथ्थूकाकांकडे गेले. इंदुकाकी आत निघून गेल्या. मी गोळी त्यांच्यापुढे ठेवली.

"आता सापडली काय?" काका म्हणाले. "मले तं त्याच दिवशी मालूम होतं. मोठ्या तलावावरून मांडव दिसते."

"मंग सांगाचं होतं, काका."

"मी कायले सांगू? त्याचं तोंड होतं ना त्याच्यापाशी. मी पाहून राह्यलो होतो, आता उघडंन, मंग उघडंन." त्यांनी गोळी बोटात फिरवली. "बावीस वर्सं डोंग्यात पाठ देऊन बसलो त्याले. पाठीमागं जाळं कवा फेकते, मले न पाह्यता समजे. आन् खुंटी ठोक म्हटलं तं ठोकली लेकानं."

"मी रविवारी सभा बोलावली हाय. सगळं वाचून दाखवीन. तुमचं जाळं सोडवीन."

काका हसले. चांगलं हसले नाहीत. "तू कर. तुले करून पाह्याची सवय हाय."

१० नोव्हेंबर, रविवार

निवेदन वाचलं. चूक माझीही, असं लिहिलं होतं. बाबा उभे राहिले आणि म्हणाले, "मारली मी." एवढंच.

मला वाटत होतं खळबळ होईल. कोणी हललं नाही. वामनराव म्हणाले, "हे तं आमाले मालूमच हाय."

"मंग तवा हात काऊन वर केले?"

"तुहा पयला ठराव होता, बाई. गावच्या पोरीचा. कोन मोडंन?" मागून एकजण म्हणाला, "आन् एक हंगाम नथ्थूचं तोंड बंद राहीन, हे बी होतं." या वेळी सगळे हसले.

मी म्हणाले, नथ्थूकाकांचं जाळं आज परत द्या. वामनरावांनी चष्मा लावला, पुस्तक माझ्याकडून घेतलं आणि ठराव क्रमांक चार मोठ्याने वाचला. जो कोणी गुलेल वापरेल. "नथ्थूनं वापरली, त्यानंच सांगतलं. इस्तारीनं वापरली, त्यानं आता सांगतलं. बदकाले कोनाची लागली हे यात कुठी हाय? तूच तं म्हणली होती, तो मुद्दाच नाई."

"मंग ठराव रद्द करा."

"पुढच्या वर्साच्या आमसभेत. मधात ठराव रद्द होत नाई, हा नियम बी तूच आनला जूनमधी."

आणला होता. मोठी माणसं सोयीप्रमाणे ठराव फिरवतात म्हणून आणला होता.

नोंद: श्री. इस्तारी यांचं जाळं एक हंगाम बंद. बोडीची राखणदारी काढून घेण्यात येत आहे. श्री. नथ्थू यांच्याबाबत पूर्वीचा निर्णय कायम. सत्काराचा विषय वगळण्यात येत आहे. लिहिलं मी. खाली सही माझी.

खुंटी एकच होती. बाबांनी आपलं जाळं काकांच्या जाळ्यावर टांगलं.

१२ जानेवारी २०२५

दोन महिने लिहिलं नाही. लिहिण्यासारखं होतं, हात जात नव्हता.

आज पहाटे मिरची तोडायला तेलंगणात जाणारा टेम्पो आला. गावातून अकरा जण गेले. त्यांत बाबा आणि नथ्थूकाका. दोघांनी आयुष्यात कधी मिरची तोडलेली नाही. मासेमारीचा खरा हंगाम आता सुरू होतो, आणि आमच्या तलावाचे दोन चांगले हात तिकडे मिरचीच्या झोंबीत.

काका आधी चढले. पाय पसरून बसले होते, बाबा चढले तसे सरकले. पाठीला पाठ लावून बसले दोघे, डोंग्यात बसतात तसे. आईने दिलेलं भाताचं गठुडं बाबांनी मांडीवर धरलं होतं. काका माझ्याकडे बघून म्हणाले, "सचिवबाई, मिरचीच्या वावरात काई नियम असंन तं आताच लिवून दे. तिकडं जाऊन पाह्यलं म्हणजे मोडला, असं नोको."

टेम्पो सुरू झाल्यावर बाबांनी विचारलं, "बोडी कोनाले देली?"

"कोनी घेत नाई. मलेच देली."

त्यांनी मान हलवली. "रस्सीले डबे बांधून ठेवले हाय. हालवत राह्य."

"त्यानं उडतात?"

"नाई," ते म्हणाले.

२ फेब्रुवारी, रविवार

तीन आठवडे झाले. रोज सकाळपासून मांडवावर बसते. दोरी ओढते, डबे वाजतात. पहिल्या दिवशी पाणकावळे उडाले होते. आता वाजलं तरी पंख वाळवत बसतात. मी ओरडते. घसा बसला आहे. एक पाणकावळा बुडतो आणि चोचीत आडवं बोटुकलं घेऊन वर येतो, मान मागे टाकतो, गिळतो, पुन्हा बुडतो. आज दुपारपर्यंत चाळीस मोजले, मग मोजणं सोडलं.

काल जाळं ओढून पाहिलं. नोव्हेंबरमध्ये जेवढी ठेवली होती त्याच्या निम्मीही नाहीत. काठावर उभी एक बाई म्हणाली, "तुह्या बापाच्या वक्ताले असं नव्हतं." टोमणा नव्हता. नुसतं सांगत होती.

सायबीन आता पुन्हा मांडवाच्या सावलीत येते. बाबा गेल्यापासून. वाकडा पंख पाण्यावर ओढत माझ्या पायांखाली फिरते. दिवसभरात एवढंच एक बरं वाटतं.

आज सांजेला पाणकावळे जास्तच होते. मी छपराच्या तणसात हात घातला. बाबांनी ती नेली नव्हती. डबाही तिथेच होता, अर्धा भरलेला. दांडा माझ्या मुठीत बसला. हात वर केला, रबर कानापर्यंत ताणलं.

पुढचं इथे लिहीत नाही.

सायबीन वेळेवर घरी आली नाही. शोधायला गेले तेव्हा ती पाळेखालच्या त्याच झुडपात होती. उचलायला वाकले. जखम कुठेच नव्हती. मला बघून ती आणखी आत सरकली.